गणपतीतला रस्ता आणि जाड चाकं

आमच्या घरात दोन चाकांची गाडी येत नाही. नियम आईचा. बाबा पाण्याच्या टाकीसमोरच्या खड्ड्यात स्कूटरसकट पडले, खुबा मोडला, आणि तेव्हापासून त्यांचा प्रवास काठी टेकत हॉल ते गॅलरी एवढाच आहे. आईने स्कूटर भंगारात काढली आणि मला भरल्या ताटासमोर बसवून शब्द घेतला की मी दोन चाकांवर कधी बसणार नाही. मी शब्द दिला आणि रस्त्यासाठी लढणाऱ्या समितीत नाव घातलं. दोन्ही एकाच आठवड्यात झालं.

बाबा रोज संध्याकाळी मला एकच प्रश्न विचारतात. "माझा खड्डा काय म्हणतो?"

घरातला विनोद आहे तो. मी सांगतो, मोठा झालाय, किंवा पाणी भरलंय, किंवा कुणीतरी डाव्या कडेला वीट उभी करून तिला लाल फडकं बांधलंय. बाबा मान हलवतात आणि बातम्या लावतात.

आम्ही स्वतःला डोंबिवलीकर म्हणवतो, पण राहतो शीळफाट्याकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावरून आत, जुन्या गावाच्या शेतांवर उठलेल्या इमारतींत. मोठ्या रस्त्यावर बस आहे, रिक्षा आहे. आतल्या रस्त्याची गंमत वेगळी. सुरुवातीला डांबर, पुढे एका बिल्डरने स्वतःच्या गेटपुरता ओतलेला काँक्रीटचा तुकडा, मग पेव्हर ब्लॉक, मग खडी, आणि टाकीसमोर नुसती जमीन. रस्ता नक्की कुणाच्या ताब्यात यावर दोन कार्यालयांचा वाद चालू आहे, आणि वाद चालू असेपर्यंत कुणी खोरं उचलत नाही. रिक्षावाले आत यायला नकार देतात. "टाकीपर्यंत? नाय भाऊ, मणका जातो." त्यांना मी दोष देत नाही. दोष कुणाला द्यायचा ते पत्रकात छापतो.

पत्रकं लिहायला मला समितीतल्या काकांनी शिकवलं. बँकेतून निवृत्त झालेले, शर्टाची इस्त्री मोडू न देता धरण्याला बसणारे. पहिलं पत्रक मी दाखवलं तेव्हा त्यांनी लाल पेनाने सगळी विशेषणं कापली. "भ्रष्ट, निर्लज्ज, झोपलेलं, हे सगळं लोकांना माहीत आहे. खड्डा कुठे आहे ते लिही. माणूस वाचता वाचता मान वळवून बघेल असं लिही." त्यांचं ऐकलं. राग कमी झाला नाही, नेमका झाला.

मी छपाईच्या दुकानात काम करतो. संध्याकाळी पत्रकांचे गठ्ठे पाठीवर मारून आजूबाजूच्या गावठाणांत जातो. दुकानात दिवसभर उभं राहून घरी आलेलं शरीर आणि पुढे हे अंतर. रोज चालून माझ्या टाचा बोलायला लागल्या तेव्हा मी विजेवर चालणाऱ्या स्केटबोर्डचा विचार सुरू केला. आईला फोनवर व्हिडिओ दाखवला. फळी, तिच्याखाली बॅटरी आणि मोटर, हातात छोटा रिमोट.

"आई, याला चार चाकं आहेत."

"स्टुलाला चार पाय असतात. त्यावरून पडलास ना माळ्यावरचा लाडवाचा डबा काढताना?"

"तेव्हा लहान होतो."

"मग आता काय, वजन कमी झालंय?"

पण तिने शब्द दोन चाकांचाच घेतला होता, हे तिलाही माहीत होतं. ती म्हणाली, "मला आधी समोर चालवून दाखव. खाली, आपल्या रस्त्यावर. मग बघू."

मी वाचायला लागलो. खडबडीत जमिनीसाठी वेगळे बोर्ड मिळतात. जाहिरातींत ते गवतावरून, वाळूवरून, जंगलातल्या पायवाटेवरून जातात, आणि वर लिहिलेलं असतं, सर्व प्रकारच्या जमिनीसाठी. त्या सर्व प्रकारांत अर्धवट उखडलेला पेव्हर ब्लॉक नव्हता. ओल्या खडीवर सांडलेली रेती नव्हती. रस्त्यापेक्षा चार बोटं वर आलेलं गटाराचं झाकण नव्हतं. जमिनीचे प्रकार मोजायला त्यांनी आमच्याकडे यायला हवं होतं. रस्त्यावर ही वस्तू चालवायला परवानगी लागते का, हेही मला कुणी धड सांगू शकलं नाही, म्हणून मोठ्या रस्त्यावर ती न्यायचीच नाही असं मी आधीच ठरवलं.

जुने बोर्ड विकणारा एकजण ठाण्यात बाळकुमला भेटला. टॉवरच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या गच्चीवर, हाफ पँटमध्ये, दोन बोर्ड शेजारी ठेवून उभा.

"बायको म्हणते घरात एकच राहील. मी विचारलं, एक बोर्ड का एक माणूस? म्हणाली, तू ठरव. म्हणून विकतोय भाई. यातला कुठला पण घे."

पहिला बोर्ड बारीक आणि हलका, काखेत मारून जिना चढता येईल असा. चाकं टणक रबराची, मोटर चाकातच बसवलेली. दुसऱ्याला लहान मुलांच्या सायकलीसारखी जाड, हवेची चाकं, आसाला स्प्रिंगा, गिअर बंद डबीत. उचलला तर अर्धा भरलेला सिलिंडर उचलल्यासारखं वाटलं.

"पट्ट्यावर चालणारा मात्र कधी घेऊ नको," तो म्हणाला. "पट्ट्यात खडी घुसली की पट्टा तुटतो, आणि पट्टा गेला की ब्रेक पण गेला."

पोडियमवर मी दोन्ही चालवले. गुळगुळीत फरशी, कुंड्या, मधूनमधून कुत्रं फिरवणारी माणसं. हलका बोर्ड वाऱ्यासारखा गेला. जाड चाकांचा म्हशीसारखा वळला. मी म्हटलं, "इथे काय ठरणार? माझ्या रस्त्यावर बघायला हवं. चंद्रावर खड्डे कमी असतील."

"चल ना. रविवारी दोन्ही गाडीत टाकून आणतो. मला पण बघायचाय तुझा चंद्र."

त्या रविवारी सकाळी मी गॅलरीत आलो आणि खाली रस्ता काळाभोर. गेटपासून टाकीपर्यंत, टाकीच्या पुढेही. बाबांचा खड्डा दिसेना. तारीख माझ्या लक्षात कशी आली नाही याचं अजून नवल वाटतं. गणपती तोंडावर आले होते. आमच्याकडे रस्ता वर्षातून एकदा होतो, तो गणपती यायच्या आधी. मंडळांच्या मूर्ती याच रस्त्याने येतात, आणि मूर्तीला धक्का लागता कामा नये यावर सगळ्यांचं एकमत असतं. दोन कार्यालयांचं भांडण तेवढ्यापुरतं मिटतं. खडीवर डांबर फवारून रोलर फिरवतात. माणसं वर्षभर पडतात, त्यांच्यासाठी रोलर येत नाही. देवावर माझा राग नाही. तो एकटाच आहे ज्याच्या येण्याची तारीख ठेकेदार पाळतो.

बाळकुमवाला गाडीतून उतरला आणि रस्त्याकडे बघत राहिला. "हा चंद्र? काय फेकतो यार! आमच्या सर्व्हिस रोडपेक्षा भारी आहे."

हेल्मेट घातलं, गुडघ्या-कोपरांना गार्ड बांधले, आणि आई गॅलरीत उभी असताना मी हलका बोर्ड टाकीपर्यंत नेऊन आणला. कुठे धक्का नाही. सोसायटीतले लोक जमले. कुणीतरी म्हणालं, "अरे, आता पत्रकं हवेतून टाक." मग जाड चाकांचा चालवला. तोही नीट गेला, पण सोबत हत्ती घेऊन फिरल्यासारखा.

आई वरून ओरडली, "बारकाच घे! दिसायला पण बरा आहे."

म्हणजे परवानगी मिळाली होती, हलक्या बोर्डाला. तेवढ्यात काका पत्रकांचा गठ्ठा न्यायला आले. सगळं बघून त्यांनी चष्मा पुसला.

"गणपतीतला रस्ता बघून चाकं निवडतोस? आणि या गठ्ठ्यात तूच काय लिहिलं आहेस ते आठवतं ना? बाप्पा गेले की हे डांबरही जाईल."

"मग जाड चाकांचा घेतो."

"घे. म्हणजे रस्ता कधीच व्हायचा नाही, हे तू लिहून दिलंस असं मी समजतो."

"काका, हलका घेतला तर पत्रक खोटं, जाड घेतला तर लढा खोटा. मग मी करू काय?"

"चाल," काका म्हणाले. "मी चालतो. मला तरी जाड चाकांची भीतीच वाटते. ज्याला खड्डा लागत नाही, तो मोर्चात किती दिवस येतो?"

मला राग आला. त्यांच्या टाचा बोलत नव्हत्या. पण पायरी सोडून बोलायची सवय त्यांनीच मोडलेली, म्हणून मी गठ्ठा त्यांच्या हातात दिला आणि वर गेलो.

बाबा गॅलरीतल्या खुर्चीत होते. आईने त्यांना विचारलं, "तुम्हीच सांगा याला. बारका चांगला ना?"

बाबांनी काठीने खालचं डांबर दाखवलं. मग म्हणाले, "मी पडलो तेव्हा रस्ता असाच होता."

आई म्हणाली, "असा कुठे? खड्डा होता."

"खड्डा त्या दिवशी झाला. गणपतीत रस्ता चांगला झाला होता, मी रोज बिनधास्त जायचो. टाकीसमोर वेग कमी करायची जुनी सवय मोडली होती. विसर्जनानंतर पाऊस आला, रात्रीत डांबर वाहून गेलं, आणि मी सकाळी त्याच वेगात आलो." त्यांनी काठीने कठड्यावर टकटक केलं. "मला खराब रस्त्याने नाही पाडलं. चांगल्याने पाडलं."

हे त्यांनी आम्हाला आधी कधीच सांगितलं नव्हतं. आई आत गेली. थोड्या वेळाने आतून म्हणाली, "जाड चाकांचा घे. आणि तो हत्ती हॉलमध्ये ठेवायचा नाही, दाराबाहेर."

बाळकुमवाला हलका बोर्ड परत डिकीत ठेवताना खूश दिसला. जाताना म्हणाला, "चाकात हवा जरा कमी ठेव. लोण्यासारखा जाईल."

विसर्जनानंतर पाऊस आला आणि पत्रक खरं ठरलं. डांबर पापड सोलल्यासारखं निघालं, खाली खडी, तिच्याखाली जमीन. मी हवा कमी ठेवलेल्या जाड चाकांवर त्या सगळ्यावरून जायला लागलो. पेव्हर ब्लॉकवर बोर्ड जरासा गुरगुरायचा, खडीवर डुलायचा, बस. गावठाणातली मुलं मागे धावायची, रिक्षावाले मोठ्या रस्त्यावरून ओरडायचे, "आमचा मणका पण घेऊन जा रे!" टाचा शांत झाल्या. अंघोळ करून मी समितीच्या बैठकीला ताजातवाना बसायचो, आणि कधीकधी बैठकीतून लवकर उठायचो.

एका संध्याकाळी बाबांनी विचारलं, "माझा खड्डा काय म्हणतो?"

"आहे तसाच."

"पाणी आहे?"

"असेल."

"ती डाव्या कडेची वीट अजून आहे का?"

मला सांगता येईना. त्या दिवशी मी टाकीसमोरून जाऊन आलो होतो. डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला, पण काही उमटेना. वीट होती की नव्हती, फडकं लाल होतं की निघून गेलं होतं. माझ्या पायांखालून तो खड्डा गेला होता आणि मला कळलं नव्हतं.

बाबा म्हणाले, "हं." मग म्हणाले, "नाही लागला तर चांगलंच आहे की." आणि बातम्या लावल्या. आवाज रोजच्यापेक्षा थोडा मोठा.

सकाळी मी शेजाऱ्यांकडून सायकलचा पंप आणला आणि दाराबाहेर बसून चारही चाकांत हवा भरली. अंगठा दाबला तरी आत जाणार नाही इतकी.

"कशाला एवढी भरतोस?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"पंक्चर होऊ नये म्हणून."

काँक्रीटचा सांधा आधी गुडघ्यांत आला. पेव्हर ब्लॉक दातांत आले. खडीवर मी वेग कमी केला, टाकीच्या अलीकडे आणखी कमी केला, आणि खड्ड्याच्या काठाशी उतरून उभा राहिलो. पाणी होतं, काठोकाठ. डाव्या कडेची वीट आत पडलेली, फडक्याचं टोक तेवढं वर.

वीट काढून पुन्हा उभी केली. संध्याकाळी बाबांना सांगितलं.