कोस्टारिकाचं विमान आणि अकोटचा काटा

“नऊही प्रवाशांची खरी वजनं कळवा. अंगावरच्या कपड्यांसकट.”

कोस्टारिकाच्या एजंटचा हा ई-मेल मी तीनदा वाचला. ‘खरी’ या शब्दाचा मला रागच आला. म्हणजे आम्ही काय खोटी कळवली होती?

कळवली होती.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. अमरावतीत माझं छोटं टूर ऑफिस होतं. तोवर मी चारधाम, काश्मीर, फार तर सिंगापूर केलेलं. मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिकाची जंगल टूर पहिल्यांदाच काढत होते आणि स्वतःला फार मोठी समजत होते. विमानासमोर फोटो काढायला रुंद काठाची हॅटसुद्धा घेऊन ठेवली होती. काय तो थाट!

टूरची कल्पना वानखडे मॅडमची. अकोल्याच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. “दोन महासागरांच्या मधातली चिंचोळी पट्टी, असं फळ्यावर काढून काढून खडू झिजले माझे,” त्या म्हणाल्या. “एकदा वरून पाहू दे मले.” म्हणून दक्षिणेच्या जंगलात जायला आम्ही छोटं विमान ठरवलं. नऊ जागा. आठ पाहुणे आणि टूर मॅनेजर म्हणून मी.

असल्या विमानात जागा मोजून भागत नाही, वजन मोजावं लागतं. जंगलातली धावपट्टी आखूड असते. मी सगळ्यांना फोनवर वजनं विचारली होती. ग्रुपमधल्या वकीलसाहेबांनी पंच्याहत्तर सांगितलं. मी माझं अठ्ठावन्न लिहिलं. तेवढं ते होतं खरं, माझ्या लग्नात.

टूरआधीची मीटिंग अकोटला होती, आमच्याच ग्रुपमधल्या शेटजींच्या जिनिंगवर. तिथं कापूस तोलायचा मोठा काटा. मी म्हटलं, चला, एकेक जण उभे राहा.

“आमी काय कापूस हावो काय?” वकीलसाहेब भडकले.

“कापूस असता तर बरं होतं,” त्यांची बायको म्हणाली. “हलका तरी राह्यला असता.”

काट्यावरचा हमाल सवयीनं आकडा ओरडायचा. वकीलसाहेब चढले. “ब्याण्णव!” सगळं आवार हसलं. मग मी चढले. “एकाहत्तर!” तेव्हा वकीलसाहेब एकटेच हसले, पण पोटभर.

बॅगा धरून बेरीज विमानाच्या मर्यादेच्या ब्याऐंशी किलो वर गेली. बॅगांतला चिवडा, लोणची, जास्तीच्या चपला काढून चौदा किलो कमी केले. अडुसष्ट उरलेच. म्हणजे एक माणूस. दुसरा रस्ता होता: सहा तास गाडी, पुढं मगरींच्या नदीतून बोट, आणि शेवटी गुडघाभर पाण्यात उडी मारून किनाऱ्यावर. तिथं धक्का नाही.

मॅडमचे दोन्ही गुडघे बदलायचे होते. तरी त्याच पहिल्या बोलल्या. “सुनंदा, मी राजधानीतच थांबतो. तुमी या फिरून.”

“थांबता कावून? टूर तुमची आहे,” मी म्हटलं. म्हटलं खरं, पण नजर वकीलसाहेबांकडे वळवली. त्यांनी छताकडे पाहिलं. ब्याण्णव किलोचा माणूस इतका हलकेच कसा नजर चुकवतो, देव जाणे.

टूर मॅनेजरनं ग्रुप सोडायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. तो मी मोडला. कोस्टारिकात पोचल्यावर तिथल्या गाइडच्या हाती ग्रुप दिला आणि विमानाच्या आदल्या दिवशी एकटीच गाडीनं निघाले. बोटीत बसल्याबरोबर वाऱ्यानं हॅट नदीत नेली. नावाडी ती काढायला वाकेना. मगरी बघून मीही आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओलेच बूट घालून धावपट्टीच्या कडेला उभी होते. विमान टेकलं. मॅडम वकीलसाहेबांचा खांदा धरून शेवटी उतरल्या.

“दिसले काय मॅडम दोन्ही समुद्र?”

“नाई नं वं. एकच दिसला. दुसरीकडून नुसते ढग.” मग त्यांनी माझा हात घट्ट धरला. “पण पट्टी चिंचोळी आहे बरं. मी पोरायले चुकीचं नाई शिकवलं.”

परत आल्यावर ऑफिससाठी वजनकाटा घेतला. वजन पाहुण्यांना विचारू नये, काट्याला विचारावं. आणि आधी टूर मॅनेजरनं चढावं, म्हणजे बाकीचे मुकाट्यानं चढतात.