कच्ची पिन

रस्त्यात खड्डा दिसला की तो मला मोटरसायकल थांबवायला लावायचा. उतरायचा, उकिडवा बसायचा आणि वीत टाकून खड्ड्याची खोली मोजायचा. चंद्रपूरजवळच्या मूल गावाहून गडचिरोलीकडे जाताना तुम्हीही त्याला कधी पाहिलं असेल. ट्रकवाले ओरडायचे, "अबे, काय हरवलं बे तुहं?" तो मान वर न करता म्हणायचा, "रस्ता वाचून राह्यलो."

आम्ही दोघं मूलच्या एका राइस मिलमध्ये फिटर. घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये तो स्पोर्ट्स कार बनवत होता. दोन सीटची, जमिनीला लागून चालणारी, मागे जुन्या व्हॅनचं इंजिन. लोक सांगायचे, आपल्याकडच्या रस्त्यांवर ही पोट घासत जाईल, थोडी उंच कर. मग तो तडकायचा.

"रस्ता खराब हाय म्हून मी काऊन उंच करू? मले म्हशीवर बसाचं असतं तं म्हैसच घेतली असती!"

त्याचा तोडगा वेगळा होता. गाडीच्या दोन्ही बाजूंना तळाशी एकेक लांब दांडा आणि त्याच्या मधोमध एकच स्प्रिंग. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की दांडा ओढला जायचा, मागचं चाक खाली दाबलं जायचं, आणि गाडी सपाट राहायची. "पुढच्यानं मागच्याले सांगाव, का बाबा, खड्डा येऊन राह्यला," तो म्हणायचा. "माणसं नाई सांगत. चाकानं तरी सांगाव."

मागे इंजिनाचं वजन, पुढे हलकं. त्यामुळे चाक धरणाऱ्या पट्टीला दांडा नेमका कुठे जोडायचा, यातच त्याचा एक हिवाळा गेला. एकेका पट्टीला सात-सात भोकं पडली. दर भोकाला गाडी धान कापलेल्या बांधीत न्यायची, एक चाक धुऱ्याच्या उंचवट्यावर चढवायचं आणि टपावर काठोकाठ भरलेला पेला ठेवायचा. सातव्या भोकाला पाणी सांडलं नाही. त्यानं पेला उचलला, पाणी पिऊन टाकलं आणि म्हणाला, "झालं."

चंद्रपूरच्या एका कॉलेजातले सर गाडी बघायला येणार होते. पसंत पडली तर ही जोडणी ते वर्कशॉपमध्ये मांडणार होते, त्याच्या नावासकट. दहावी नापास माणसाचं नाव इंजिनिअरिंगच्या पोरांसमोर! आदल्या दुपारी दांडे आणि पट्ट्यांच्या चार सांध्यांत पिना बसवायचं काम त्यानं माझ्यावर सोपवलं.

आता सांगतोच. मिलमध्ये दोन प्रकारच्या पिना असतात. एक पक्की. दुसरी कच्ची, मुद्दाम मऊ लोखंडाची. धानात दगड आला की ती तुटते आणि मशीन वाचते. दिसायला दोन्ही सारख्या, म्हणून डबे वेगळे. मला चार पक्क्या हव्या होत्या, तीनच सापडल्या. चौथी मी कच्च्या डब्यातली घातली. म्हटलं, एका दिवसाचं तर काम आहे.

सर आले. गाव जमलं. मैदानात सागाचे ओंडके आडवे टाकले होते. तिसऱ्या ओंडक्यावर टक्कन आवाज झाला आणि गाडी डाव्या अंगावर बसली.

"मिलवाल्यानं धान भरडाव न बे!" कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

सर भले होते. हळूच म्हणाले, "कल्पना चांगली आहे. पण रचनेत दोष आहे."

"रचनेत दोष नाई, सर." मग तो माझ्याकडे वळला. "पिना कोन्या डब्यातल्या होत्या?"

"पक्क्या," मी म्हणालो. तुटके तुकडे तोवर माझ्या खिशात गेले होते.

पक्की पिन तुटली, म्हणजे जोर जास्त पडला, म्हणजे रचनाच चुकली. हिशेब सरळ होता. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. हिशेबावर ठेवला नाही. सोमवारी तो त्याच गाडीत बसून मिलमध्ये आला. तुटलेल्या पिनेच्या जागी मी गुपचूप पक्की घातली होती. पुढे कित्येक वर्षं लोक विचारत, "काहो, दोष सापडला का?" तो म्हणे, "तुमीच शोधून द्या. सातवं भोक मी हालवत नाई." पण दर रविवारी गाडीखाली पाठीवर पडून तो सगळं पुन्हा मोजायचा. न केलेली चूक शोधत. आणि मी त्याला बॅटरीचा उजेड धरायचो.

कोंड्याच्या धुळीनं त्याची छाती गेली. या हिवाळ्यात तोही गेला. पुण्यानुमोदनाच्या सभेत माणसं उठून त्याच्याबद्दल चार शब्द बोलत होती. मी उठलो आणि सांगितलं: पिन कच्ची होती, मीच घातली होती, आणि त्याच्या तोंडावर खोटं बोललो होतो.

"आता सांगून काय फायदा?" मागून कोणीतरी म्हणालं.

वहिनी रडत नव्हत्या. "इथी काऊन सांगता, भाऊजी? इथल्या लोकाईनं गाडी रोज चालताना पाह्यली. त्या सरले सांगा. उद्याच जा. गाडी घेऊनच जा."

सकाळी मी गाडीत बसलो. सीट त्याच्या आखूड पायांच्या मापानं वेल्ड केलेली. माझे गुडघे स्टिअरिंगला अडत होते. सीट कापून मागे सरकवावी म्हणून मी ग्राइंडर मागितला. वहिनी गाडीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सीटले हात नाई लावाचा. गुडघे मोडून बसा."

मी गुडघे पोटाशी घेतले आणि चावी फिरवली.