सुपारी फुटली की

दादा सुपारी कातरायला बसला की अडकित्त्याचा आवाज घरभर ऐकू येतो. काल तसाच येत होता. माझी मुलगी मुक्ता कॉम्प्युटरसमोर बसून त्याला विचारत होती, "मामा, परदेशातल्या या कॉलेजला लवकरचा अर्ज करू का? त्यांनी घेतलं तर मग तिथंच जावं लागतं. दुसरीकडे बघायचं नाही."

"म्हणजे सुपारीच फुटली म्हणायची," दादा हसला. "एवढी घाई कशाला? चार ठिकाणी बघावं, मग ठरवावं."

चार ठिकाणी! माझ्या लग्नाची सुपारी बारावीचा निकाल लागायच्या आधी बाबांसमोर बसून यानंच फोडली होती. चांगलं स्थळ थांबत नाही म्हणे. मला पुढं शिकायचं होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सुपारी ही मोठी विचित्र वस्तू आहे. एकदा फुटली की सांधत नाही. तिनं लग्न ठरतं, आणि माणूस मारायचं ठरलं तरी तिचंच नाव घेतात. भाषेला असलं काही उगाच सुचत नाही. इतकी वर्षं मी तिचं एक खांड दाढेखाली धरून बसले आहे. गिळलं नाही, थुंकलंही नाही.

"मामाचं ऐक," मी मुक्ताला म्हटलं. "चार ठिकाणी बघ." मग दादाकडे वळले. "हेच वाक्य तेव्हा बाबांसमोर का नाही रे सुचलं तुला?"

अडकित्ता थांबला. अर्धी कातरलेली सुपारी त्याच्या हातातून तबकात पडली. मी ती उचलून त्याला परत दिली.

"कातर ना," म्हटलं, "तुझा तर हात बसलाय."