ग्लुसिनियमची गोडी
तीळ भाजल्याचा वास आला की मला निजामाच्या राजवटीतली औरंगाबादची आमची शाळा आठवते. रसायनाच्या मास्तरांनी सांगितलं, बेरिलियमचे क्षार चवीला गोड, म्हणून ग्रीक भाषेतल्या 'गोड'वरून त्याचं जुनं नाव ग्लुसिनियम पडलं. पण आहे जहर. मी विचारलं, "मग चाखणारा वाचला कसा?" "बदतमीज! मुर्गा बन!" तास संपेपर्यंत मी कान धरून वाकलेला, आणि वर्ग हसत होता. संक्रांतीला त्याच वर्गात त्यांच्या हातावर तिळगुळाचा लाडू ठेवला. तो तोंडात गेल्यावर रसायनांच्या कपाटाकडं बघत हळूच म्हणालो, "साब, ग्लुसिनियम बी असंच गोड लागत असंल, नाय?" मास्तर खिडकीतून थुंकतच राहिले आणि वर्ग पुन्हा हसला. लाडवात तीळ आणि गुळाशिवाय काहीच नव्हतं. आता माझे दात गेले, तरी त्या थुंकण्याची गोडी जिभेवरून गेलेली नाही.