तळ्याकाठचे दगड आणि साठे सरांची सही

जिथे फारसं काही उगवत नाही, तिथले किस्से मात्र भरपूर साठतात. दुबईतल्या करामा भागात, कॅफेटेरियात आम्ही चौघे बसलो की कोणी बँकेतलं सांगतो, कोणी एअरपोर्टवरचं. माझ्याकडे फक्त दगड आहेत. तरी दर वेळी मलाच सांगायला लावतात, आणि सांगता सांगता माझंच मन तिकडे जातं.

मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं, हे घरी येणारा प्रत्येक काका विचारायचा आणि उत्तराला थांबायचा नाही. शेवटी वडिलांनी ओळख काढून मला एका कन्सल्टन्सीत चिकटवलं. दुबई मरीनाला खोदकाम चाललं होतं, तेव्हाची गोष्ट. काम असं, की हजर नावाच्या डोंगररांगेत धरणाचं एक तळं होतं, त्याच्या खडकाळ काठावर काय काय उगवतं ते मोजायचं. क्लायंटला तिथे लॉन आणि फिरायला रस्ता करायचा होता. 'काठावर राखण्यासारखं काही नाही' अशा कागदावर सही झाली की बुलडोझर येणार.

सही करायची होती साठे सरांनी. पुण्यात तीस वर्षं बॉटनी शिकवून आलेला चिडका, हट्टी म्हातारा. पुण्यात त्यांची वाट बघणारं कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे परत जायचं नाव काढलं की वहीत डोकं घालायचे. आणि त्यांचा व्हिसा पुढे वाढवायचा की नाही हे ठरवणार होते आमचे मॅनेजर परांजपे. परांजप्यांना लॉन हवं होतं.

* * *

सरांकडे एक लोखंडी चौकट होती, मीटरभर लांब, मीटरभर रुंद. ती न बघता मागे फेकायची, पडेल तिथे बसायचं आणि आतलं रोप न् रोप मोजायचं. बहुतेक वेळा आत नुसते दगड. कागदावर शून्य.

दुसऱ्याच आठवड्यात मी शहाणपणा केला. एसी लावून गाडीत बसलो आणि वीस कागद भरून टाकले. सगळीकडे शून्य दिसलं तर काम केलं नाही असं वाटेल, म्हणून प्रत्येक कागदात दोन-तीन रोपं घातली.

सरांनी कागद चाळले. "वा. इतकी झाडं असती तर आपल्याला इथे बोलावलंच नसतं कोणी."

वीसही जागा पुन्हा करायला लावल्या. मे महिना. "शून्य लिहायलासुद्धा जागेवर जावं लागतं," म्हणाले. मी त्यांना मनात काय काय म्हटलं, ते छापता येणार नाही.

* * *

आमच्याबरोबर तुकाराम होता, गुहागरकडचा. दहा वर्षं दुबईत रस्त्याकडेची हिरवळ राखून आमच्याकडे आलेला. एकदा परांजपे पाहणीला येणार होते. सर आणि मी पलीकडच्या काठाला गेलो आणि परत येऊन बघतो तर आमची खुणा करून ठेवलेली पंधरा पावलांची पट्टी आरशासारखी लख्ख. एक काडी नाही. बाजूला उपटलेल्या रोपांचा नीट रचलेला ढीग, आणि त्याच्याशेजारी घाम पुसत तुकाराम.

"मोठे साहेब येनार ना, म्हनून साफ केलं. कोनी लावलेलं नाय, म्हंजे तनच की."

सरांनी हातातली चौकट खाली ठेवली. मग त्या ढिगापाशी बसले आणि एकेक रोप उलटंपालटं करायला लागले. बोटाएवढं रोप आणि खाली हातभर मूळ. मला हाक मारली.

"बघ. वर दिसत नाही म्हणून खाली काही नाही असं समजायचं नाही."

"हे जरा माझ्या बाबांना सांगा," मी म्हटलं.

"तुझं मूळ दिसू दे आधी. मग सांगतो."

* * *

त्यानंतर तुकारामने एका रोपालाही हात लावला नाही. सर मात्र खुशीत. पाण्यापासून जरा वर, कोरड्या फटीतली सहा रोपं सरसर वाढत होती. सर रोज फूटपट्टी लावायचे, वहीत लिहायचे, मला लेक्चर द्यायचे. दगड रात्री गार पडतो, त्यावर दव धरतं, ते मुळांना मिळतं. एवढं सुंदर समजावलं की मला क्षणभर वाटलं, हा माणूस कॉलेजात मला शिकवायला असता तर. लगेच राग आला. तिथे असताना यांनीही हजेरीच घेतली असती.

या मोजमापाच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही लवकर पोचलो. तुकाराम जेवणाच्या डब्याच्या झाकणाने त्या सहा रोपांना पाणी घालत होता.

"समोर येवढं तळं, सर, आन् हे चार हातावर तहानेनं मरतंय. बघवत नाय."

मला वाटलं, आज म्हातारा याला तळ्यात ढकलणार. सरांनी वही उघडली. तीन आठवड्यांच्या आकड्यांवर आडवी रेघ मारली.

"रोज किती झाकणं घालायचास?"

"दोन."

सरांनी तेही लिहून घेतलं.

* * *

एका शुक्रवारी परांजपे सहकुटुंब पिकनिकला आले. वहिनींनी साबुदाणा वडे आणले होते, हा त्या दिवसाचा एकमेव फायदा. परांजपे हात पसरून मुलीला दाखवत होते, इथे लॉन, इथे कारंजं, इथे आइस्क्रीमची गाडी. मुलगी दहा वर्षांची.

"बट डॅड, इट्स ओन्ली स्टोन्स."

"आत्ता आहेत बेटा. मरीनाला नाही का, आधी नुसती रेती होती."

सरांनी तिला आपलं भिंग दिलं आणि एका फटीपाशी पालथं झोपायला सांगितलं. आत मोहरीएवढं जांभळं फूल होतं. पोरगी उठेचना. परांजप्यांनी गाडी सुरू केली, हॉर्न दिला, "यल्ला, चला" झालं, वहिनी येऊन ओढून गेल्या. शेवटी परांजपे स्वतः उतरून आले.

"साठे, माझी मुलगी कशाला फितवता?"

"तिनं बघायला मागितलं. तुम्ही नाही मागितलंत."

परतीच्या वाटेवर मी सरांना म्हटलं, व्हिसा गेला तुमचा. त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि गरम वारा आत घेतला.

* * *

जुलैत परांजपे तो सहीचा कागद टाइप करून घेऊन आले. सरांनी ऑफिसात सही केली नाही. म्हणाले, काठावर करीन. परांजपे टाय आणि लेदरच्या बुटांसकट आमच्याबरोबर निघाले.

भर दुपार. दगडाला हात टेकवत नव्हता. सगळ्या काठावर सावली एकच होती, एका फटीतून वर आलेल्या, दोन पुरुष उंच झाडाची. परांजपे सरळ जाऊन तिच्यात उभे राहिले आणि कागद पुढे केला.

"करा लवकर. इथे काही नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. पुढच्या वर्षीच्या व्हिसाचं आपण बघू, इन्शाल्ला."

सरांनी कागद शेवटपर्यंत वाचला.

"परांजपे, तुम्ही कशाच्या सावलीत उभे आहात?"

परांजप्यांनी वर बघितलं.

"बोर हाय, साहेब," तुकारामने मदत केली. "आमच्याकडं पन आस्ते."

परांजपे तसे हुशार. चार पावलं बाहेर, उन्हात आले. "घ्या. आता मी कशाच्याच सावलीत नाही. करा सही."

मला वाटलं, खलास. म्हातारा करणार.

सरांनी कागद परांजप्यांच्या हातात परत दिला. पेनला टोपण लावलं. मग रिकाम्या झालेल्या सावलीत जाऊन बोरीला पाठ टेकून बसले आणि बूट काढले. तुकाराम त्यांच्याशेजारी बसला, त्याने डबा उघडला. मीही अंग चोरून घुसलो. आम्ही चपात्या आणि सुकटाची चटणी खात होतो आणि परांजपे समोर उन्हात उभे होते. कपाळावरचा घाम टायवर टपटपत होता. गाडी लांब, वर रस्त्यावर. थोड्या वेळाने त्यांनी तो कागदच डोक्यावर धरला.

सरांनी चपातीचा तुकडा मोडला.

"तुकाराम, सरक जरा. साहेबांना जागा कर."