तेराव्याला आणलेलं लुगडं

वसतिगृह चालवणाऱ्या काकांनी मला ठेवून घेतलं नसतं तर मी पदवीधर झालो नसतो. आमच्या घरात माझ्याआधी चौथीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. हे उपकार मी आजही मानतो. म्हणूनच पुढचं लिहिताना जड जातं. पण किळस आली ती आली.

हैदराबाद राज्य तीन ठिकाणी वाटायचं चाललं होतं तेव्हाची गोष्ट. कचेऱ्यांतून कागदांचे गठ्ठे बांधले जात होते, आणि काचीगुड्याच्या मराठी घरांत कोण औरंगाबादला जाणार, कोण इथंच राहणार, याशिवाय दुसरा विषय नव्हता. मी आबिड्सला कारकून होतो. आमच्या ओळखीच्या एक शिक्षिकाबाई खून-मारहाणीत माणूस गेलेल्या घरांना मदत करायच्या. पोलीस ठाणं, दवाखाना, कोर्ट, सगळीकडे त्या घरच्यांबरोबर जायच्या. तिथं उर्दू लागायची. माझं शिक्षण उर्दूतून झालेलं, म्हणून सुट्टीच्या दिवशी मीही जाऊ लागलो.

गौलीगुड्यातल्या एका बाईचा नवरा रस्त्याच्या कामावर मजूर होता. सुट्टी मागितली म्हणून कामाचं कंत्राट घेतलेल्या गुत्तेदाराच्या पुतण्यानं त्याला पहारीनं मारलं. ती दुपारची भाकर घेऊन गेली होती, तिच्या डोळ्यांदेखत झालं. बाकीचे मजूर म्हणाले, आम्ही काही बघितलं नाही. तिची साक्ष फिरली की पुतण्या सुटणार, हे सगळ्यांना कळत होतं.

तेराव्याला काका चार वजनदार माणसं घेऊन आले. तिला माहेरचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून समाजाकडून दुखवटा आणलाय म्हणाले आणि लुगडं पुढं केलं. ती ते नेसली, सगळ्यांच्या पाया पडली. शेजारणींनी पानं वाढली. तेव्हा काकांनी गल्लीच्या तोंडाशी थांबलेल्या माणसाला आत बोलावून पंगतीत बसवलं. तो गुत्तेदार होता. लुगडंही त्याचंच होतं.

काकांनी मग तिला सावकाश समजावलं. पाच माणसांसमोर त्याचा दुखवटा नेसलीस, तो तुझ्या घरी जेवतोय, म्हणजे वैर मिटलं. राज्यच वाटलं जातंय, उद्या तू कुठं आणि कोर्ट कुठं. साक्षीत फक्त एवढं सांगायचं की धूळ उडाली होती, नीट दिसलं नाही. काकांचा आवाज अगदी तोच होता, ज्या आवाजात ते आम्हा मुलांना खरं बोलायला शिकवत.

गुत्तेदारानं लापशी दुसऱ्यांदा मागून घेतली, वर तूप थोडं कमी पडल्याचं सांगितलं, आणि बोटं चाटली. शिक्षिकाबाई उठून बाहेर गेल्या. त्यांच्यामागे मीही गेलो.

खटला उभा राहिला तेव्हा राज्य वाटून झालं होतं. न्यायाधीशांना मराठी येत नव्हती. कुणाची हरकत नव्हती म्हणून दुभाषा मी होतो. पुतण्याच्या वकिलानं तिला नेमकं तेच विचारलं, आरोपीच्या चुलत्याला तुम्ही तेराव्याला जेवू घातलं की नाही? मी मराठीत सांगितलं.

ती म्हणाली, "घातलं. ताटावर बसल्याला उठवीत नाहीत आमच्यात. पर ह्या पुतण्यानंच मारलं. म्या बघितलंय."

मी शब्दाला शब्द उर्दूत सांगितला. तो लिहून घेतला गेला आणि पुढे पुतण्याला शिक्षा झाली ती त्यावरच.

त्या दिवशी बाहेर व्हरांड्यात काका उभे होते. सकाळी ते गुत्तेदाराच्या बाकावर बसलेले मी बघितले होते. आता पानानं भरलेल्या तोंडानं त्यांनी माझी पाठ थोपटली. "काय साफ तर्जुमा केलास रे. शेवटी आपल्याच वसतिगृहाचा पोरगा." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "घाबरू नको बाई, सगळा समाज तुझ्या पाठीशी आहे."

ती त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हती. जिन्याच्या तोंडाशीच ते उभे होते.

"सरका," ती म्हणाली. "वाट द्या."