पन्नास ग्रॅमचा आवाज

"दोन दिवस जाऊ देत, मग बघू."

हे वाक्य काटेमास्तर दिवसातून किती वेळा म्हणत, ते तोलायला त्यांच्या दुकानातही वजन नव्हतं. दाढ दुखली, दोन दिवस जाऊ देत. छत गळायला लागलं, दोन दिवस जाऊ देत. लग्नाआधी मुलगी बघायला गेले तेव्हाही ते हेच बोलून उठले होते. मुलीच्या बापाने त्याचा अर्थ होकार असा घेतला, म्हणून संसार झाला. नाहीतर मास्तर आजही विचारच करत बसले असते.

मास्तर तराजू दुरुस्त करत. दोन हात पसरले की दोन्ही भिंतींना बोटं लागतील एवढं दुकान, शेजारी केस कापण्याचं सलून. खुंट्यांवर दांड्या लटकलेल्या, फळीवर पारडी एकात एक घातलेली, कोपऱ्यात पोट उघडलेले इलेक्ट्रॉनिक काटे. हाताचं कसब मोठं होतं. पारडं नुसतं बोटाने उचलून सांगे, "डावीकडे तीन ग्रॅम मारतोय." आणि ते तीनच निघत. दुरुस्त केलेल्या प्रत्येक काट्याच्या तळाला ते पत्र्याची एक पट्टी बसवत आणि तिच्यावर पोलादी ठशांनी, एकेक आकडा ठोकून, आपला मोबाईल नंबर उमटवत. गावातल्या सगळ्या दुकानांच्या बुडाशी मास्तरांचा नंबर होता. फक्त तो लागत नव्हता.

त्याचं असं झालं. दोन वर्षांपूर्वी मागच्या रस्त्याला सात मजली इमारत उभी राहिली आणि मास्तरांच्या मोबाईल कंपनीची रेंज गल्लीतून उठून गेली. दुकानात नाही, घरात नाही, अंगणात नाही. ती सापडली पाण्याच्या टाकीवर, एकतीस पायऱ्या चढून गेल्यावर जो पहिला कठडा लागतो तिथे. बाकीच्यांनी महिन्याभरात कंपनी बदलली. मास्तर म्हणाले, दोन दिवस जाऊ देत.

दुकानदार काटा काखोटीला मारून, शिव्या देत, चालत येत. त्याचं मास्तरांना काही वाटत नसे. "गरज असेल तो येईल," म्हणत. पण घरात एक माणूस असं होतं, ज्याला गरज होती, पण टाकी चढता येत नव्हती.

मास्तरांची एकुलती एक लेक दूरच्या शहरात नर्स होती. दर रविवारी पाच वाजता तिचा फोन येई. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून टाकीवर चढत आणि पाऊण तास बोलत. मास्तरीणबाईंचे गुडघे दुसऱ्या पायरीलाच बोलायला लागत, म्हणून त्या खाली दारात उभ्या राहत. घरात फोन एकच. लेकीने आठ महिन्यांपूर्वी आईसाठी वेगळा फोन पाठवला होता, पण "एका घरात दोन नंबर कशाला, दोन दिवस जाऊ देत," असं झाल्यामुळे तो कपाटात चादरींखाली खोक्यातच पडून होता.

मास्तर उतरून आले की बाई विचारत, "काय म्हणाली?"

"बरी आहे."

"आणखी?"

"आणखी काय? बरी आहे म्हटल्यावर सगळं आलं त्यात."

"पाऊण तास नुसती बरी आहे, बरी आहे, असंच म्हणत होती का ती?"

मास्तर शर्ट खुंटीला अडकवत. पाऊण तासाचं बोलणं दोन शब्दांत बसवणं ही त्यांना कला वाटे. दोन वर्षं बाईंनी लेकीचा आवाज ऐकला तो फक्त ती सुट्टीला आली तेव्हा, चार दिवस.

मग कोपऱ्यावर एका मुलीने टेबल टाकलं, वर मोठी छत्री उभी केली आणि दुसऱ्या कंपनीची सिमकार्डं विकायला लागली. मास्तर रोज जाता-येता तिथे थांबत आणि तिचा जीव खात.

"नंबर जाईल माझा."

"नाही जाणार काका. नंबर तोच राहतो, कंपनी बदलते."

"नंबर तोच राहणार, फोन तोच राहणार, मीही तोच राहणार. मग बदललं काय?"

"रेंज येईल, काका."

"ते झालंच. पण त्या लोकांना काय वाटेल?"

"कुठल्या लोकांना?"

"जुन्या कंपनीच्या. वीस वर्षांत एकदाही माझा वाढदिवस चुकवला नाही त्यांनी. सकाळी सात वाजता मेसेज असतो."

सिमवालीने कपाळावर हात मारला. सलूनवाला दारातून ओरडला, "मास्तर, तो मेसेज मलाही यायचा! नुसतं नाव बदलतात."

"तुला उशिरा येत असेल," मास्तर म्हणाले.

शेवटी एका शनिवारी त्यांनी जाहीर केलं, की आता हा प्रश्न तोलूनच सोडवायचा. नुसतं तोंडाने म्हणाले नाहीत. फळीवरचा जुना पितळी तराजू उतरवला, पुसला, दांडी सरळ आहे का ते एक डोळा मिटून पाहिलं आणि वजनांची पेटी उघडली. सलूनवाला अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक खुर्चीत सोडून आला. सिमवालीही छत्रीखालून उठून आली, कारण तिचाच निकाल लागणार होता. नेमक्या त्याच वेळी बाई चहा घेऊन दारात आल्या.

"डावीकडे जुनी कंपनी," मास्तर म्हणाले. "वीस वर्षांचा संबंध, एक किलो." किलो ठेवला. पारडं धाडकन खाली बसलं. "वाढदिवस, पाचशे ग्रॅम. नवीन माणसांशी जमवून घ्यायचं, त्याचा त्रास, दोनशे."

"आता उजवीकडे टाका की," सलूनवाला म्हणाला.

"घरात रेंज, पाचशे. गिऱ्हाइकांचे फोन, दोनशे."

"आणि वहिनींचं लेकीशी बोलणं?"

मास्तर थांबले. पेटीत बोटं फिरवली. शंभराचं वजन उचललं, तळहातावर खालीवर केलं, परत ठेवलं. मग पन्नासचं काढलं आणि हलकेच उजव्या पारड्यात सोडलं.

"पन्नास?" सिमवाली म्हणाली.

"हे बघ पोरी, ती बोलते ते सगळं मी घरी येऊन सांगतोच. मग राहतो तो नुसता आवाज. आवाजाला वजन ते किती असणार?"

दारातून बाईंनी विचारलं, "झालं का तोलून?"

मास्तर दचकले नाहीत. त्यांना दचकण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. "झालं. जुनंच जड निघालं. तरीपण दोन दिवस जाऊ देत."

बाईंनी चहा फळीवर ठेवला. हात लांब केला आणि पारड्यातलं ते पन्नास ग्रॅमचं वजन उचलून घेतलं. तराजू आधीच एवढा कलला होता की दांडी हललीसुद्धा नाही. ती हलली नाही हे बाईंनी नीट पाहिलं, वजन मुठीत धरलं आणि निघाल्या.

"अहो, ते संचातलं आहे!" मास्तर मागून म्हणाले.

बाई घरी गेल्या, चादरींखालचं खोकं काढलं आणि तशाच कोपऱ्यावर आल्या. सिमवाली धावतच टेबलामागे पोचली.

"कुठली कंपनी हवी, काकू? माझ्याकडे दोन आहेत."

"जिचा आवाज स्वयंपाकघरात येईल ती."

"नंबर? छानसा निवडून देते, लक्षात राहील असा."

"कुठलाही दे. एकीलाच पाठ व्हायला हवा."

त्याच संध्याकाळी मास्तर घरी आले तर स्वयंपाकघरातून लेकीचा आवाज येत होता. ओट्यावर डब्याला टेकवून फोन उभा केला होता आणि तो घसरू नये म्हणून पुढे पन्नास ग्रॅमचं वजन लावलं होतं. लेक हसत होती. तिने केस कापून घेतले होते, ती सायकल शिकली होती, तिची घरमालकीण घोरत होती. बाई पोळपाटावर हात तसाच ठेवून ऐकत होत्या.

"आणि तो ताप, आई. नऊ दिवस उतरला नव्हता. माझ्याच वॉर्डात मला झोपवलं होतं."

"कधी गं?"

"उन्हाळ्यात. बाबांना सांगितलं होतं की! त्यांनी नाही सांगितलं?"

बाईंनी वळून पाहिलं. मास्तर उंबऱ्यात उभे होते.

"सांगितलं," बाई फोनला म्हणाल्या. "बरी आहे म्हणाले."

फोन ठेवल्यावर मास्तर म्हणाले, "बरी झालीच होती ना?" बाईंनी पोळी तव्यावर टाकली. पोळ्या झाल्या, जेवणं झाली. हात धुताना मास्तरांना राहवलं नाही. "एवढा वेळ काय बोलत होतात दोघी? मी आलो त्याआधी?"

"बरी आहे," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुकान अर्धंच उघडं होतं. एका वाण्याचा काटा तपासताना मास्तरांना पन्नास ग्रॅम लागले आणि ते वीस, वीस आणि दहा असे तीन तुकडे एकावर एक रचत बसले. सलूनवाला म्हणाला, "मास्तर, घरी जाऊन घेऊन या की." मास्तर म्हणाले, "त्याला तिथे काम आहे."

पावणेपाचला त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. स्वयंपाकघराच्या दाराशी क्षणभर घुटमळले. त्या फोनसमोर दुसरं स्टूल रिकामं होतं, ते त्यांनी पाहिलं. बसा असं कुणी म्हणालं नाही आणि आपण होऊन बसणं हा कंपनी बदलण्यापेक्षाही मोठा निर्णय होता.

"मला येईल माझ्या फोनवर," ते हवेला सांगून निघाले.

गल्लीतून ते ताठ चालत गेले, फोन छातीशी धरून. सलूनवाल्याने कात्री थांबवली. छत्रीखालून सिमवालीने मान वळवली. मास्तर टाकीच्या पायऱ्या चढायला लागले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाई बघत होत्या. त्यांच्यासमोर फोन वाजला आणि लेकीचा चेहरा उमटला.

"बाबा कुठे आहेत?"

"टाकीवर चढतायत. तुझा फोन येईल म्हणून."

"अगं बाई! मग आधी त्यांना करू का?"

बाईंनी पन्नास ग्रॅमचं वजन थोडं पुढे सरकवून फोन नीट टेकवला. बाहेर मास्तर कठड्याला पोचले होते आणि फोन उंच धरून उभे होते.

"दोन दिवस जाऊ देत," बाई म्हणाल्या. "तू आधी त्या सायकलचं सांग."